श्रमातील विसावा

संत जनाबाई पंढरपूर येथे संत नामदेवांच्या (१२७०-१३५०) घरी दासी म्हणून राबत होत्या. परंपरेनुसार त्या मूळच्या गंगाखेडच्या. दळण, कांडण, झाडलोट, पाणी भरणे, शेणी वेचणे अशा कामांत त्यांचा दिवस सरत असे. अशा कष्टांत त्यांना विसावा कोठे लाभला?

काम टाकून जाणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून जाते फिरवतानाच त्या विठ्ठलाचे नाम घेऊ लागल्या. हाताला आणि मनाला एकच लय मिळाली. त्यांच्या अभंगांत विठ्ठल स्वतः दळू लागतो, शेणी वेचतो, डोईचे केस विंचरतो. आपले पोरकेपण त्या त्याच्यापाशीच बोलतात. प्रसंगी त्याच्यावर रागावतातही. मनातले सारे ज्याच्यापुढे निःसंकोच मांडता येते, त्याच्याजवळच थकलेला जीव निवांत होतो.

जनाबाईंचे श्रम संपले नाहीत. श्रमातील एकाकीपण मात्र सरले. म्हणूनच पुढे शतकानुशतके महाराष्ट्रातील स्त्रियांनी पहाटे जात्यावर बसून जनीच्या आणि विठ्ठलाच्या ओव्या गाइल्या. दळणाचा भार तोच होता. पण त्या ओव्यांतून जनीचा विठ्ठल त्यांनाही सोबतीला मिळाला.