सोयाबीनचे छायाचित्र आणि चक्रभुंग्याची खूण

लातूरच्या काळ्या रानात सोयाबीनच्या शेंड्याने मान टाकली की हल्ली काही कास्तकार भ्रमणध्वनीने झाडाचे छायाचित्र घेऊन यंत्रबुद्धीस सल्ला विचारतात. यंत्रास सुकलेला शेंडा दिसतो. खरी खूण मात्र खाली असते. चक्रभुंग्याची मादी देठावर वा खोडावर दोन समांतर चक्रे पाडून त्यांच्यामध्ये अंडी घालते, व वरचा भाग सुकतो. ती चक्रे नजरेतून सुटली तर दोष मुळकुजीवर जातो आणि नको त्या औषधाचा खर्च पदरी पडतो.

असे का घडावे? चित्र पाहून भाषेत उत्तर देणाऱ्या ‘लाव्हा १.५’ या २०२३ सालच्या रचनेत प्रत्येक चित्र प्रथम ३३६ बिंदू लांबरुंद इतके लहान करून त्याचे ५७६ चौकोन पाडले जात. ४,००० बिंदू रुंदीच्या छायाचित्रातील ४० बिंदूंची खूण तेथे तीन-चार बिंदूंचीच उरते. २०२४ च्या ‘लाव्हा-नेक्स्ट’मध्ये यावर उपाय योजिला: अखंड चित्राबरोबर त्याचे भाग पाडून प्रत्येक भाग निराळा पाहावयाचा. तथापि मूळ छायाचित्रातच जी खूण अस्पष्ट, ती कोणत्याही रचनेस नीट वाचता येणार नाही.

यास्तव आमची सूचना अशी की, एक छायाचित्र संपूर्ण झाडाचे व दुसरे, अगदी जवळून, सुकलेल्या भागाखालील देठाचे घ्यावे. आणि ‘देठावर चक्रे आहेत काय?’ असे नेमके विचारावे. उत्तर काहीही येवो, फवारणीपूर्वी देठ स्वतः पाहावा. चक्रे आढळल्यास तो भाग चक्राखालून तोडून नष्ट करावा. बांधावर उभे राहून देठावरील चक्र ना मनुष्यास दिसते, ना यंत्रास.