औषधाचा भाव कोण ठरवतो?

'हे औषध इथे नाही, बाहेरून आणा.' सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवरचे हे उत्तर आमच्या वस्त्यांना नवे नाही. पण त्या 'बाहेर'चा भाव कोण ठरवतो, याचा विचार आम्ही फारसा केला नाही. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण या 'खाउजा' धोरणाविरुद्ध आम्ही बोललो ते नोकऱ्या आणि आरक्षणाबद्दल. ते रास्तच होते. मात्र याच धोरणाने आमच्या औषधालाही हात घातला.

१९७० च्या भारतीय पेटंट कायद्यात औषधावर पेटंट नव्हते. ते फक्त बनविण्याच्या प्रक्रियेवर होते. त्यामुळे देशी कंपन्या तेच औषध वेगळ्या पद्धतीने स्वस्तात बनवीत. एड्सच्या ज्या उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्च येई, तो मुंबईच्या सिप्लाने २००१ मध्ये एका सेवाभावी संस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केला.

पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारामुळे २००५ मध्ये भारताला कायदा बदलावा लागला. औषधावर २० वर्षांची मक्तेदारी आली. कर्करोगावरील नेक्साव्हरचा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजार रुपये झाला. २०१२ मध्ये सक्तीचा परवाना मिळाल्यावर नॅटको कंपनीने तेच औषध ८,८८० रुपयांत दिले. मग आधीचा भाव औषधाचा होता की मक्तेदारीचा?

क्षयरोग कोंदट खोलीत राहणाऱ्या, अर्धपोटी राबणाऱ्या माणसाला आधी गाठतो. तो माणूस कोणत्या समाजाचा, हे आम्हाला कोणी सांगायला नको. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावरील बेडाक्विलिनची मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबविण्याचा कंपनीचा प्रयत्न होता. त्याला मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी २०१९ मध्ये हरकत घेतली. क्षयाच्या उपचारातच दोघींची श्रवणशक्ती गेली होती. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवे पेटंट घेण्याला आमच्या कायद्यातील कलम ३(ड) आडवे येते. श्रीमंत देशांच्या कंपन्यांना ते सलते, ते यामुळेच.

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम ४७ सांगते. कोणताही व्यापार करार संविधानाहून मोठा नाही. संविधान वाचविण्याच्या गोष्टी आम्ही करतो. त्यात हे कलमही आले पाहिजे. दोन रुग्ण स्त्रिया बलाढ्य कंपनीला अडवू शकतात, तर संघटित समाज रुग्णालयाच्या खिडकीवर जाब का विचारू शकत नाही?