विश्लेषण : ‘अग्नीत शुद्ध केलेले सोने’ म्हणजे नेमके काय? बायबलमधील या रूपकाचा अर्थ काय?

जुना दागिना मोडीत देण्यासाठी अर्धापूरहून नांदेडच्या सराफ्यात जाणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. सोने आटवले की वजनात घट येणार. हीण निघून जाते, सोने उरते. ख्रिस्ती धर्मग्रंथाने हाच व्यवहार माणसाच्या श्रद्धेला लावला आहे. आजारपण, नापिकी, घरातील मृत्यू अशा वेळी ‘देव तुम्हाला सोन्यासारखे तावून काढतो आहे’ असे सांत्वन अनेकदा केले जाते. पण मूळ ग्रंथात या रूपकाचा अर्थ एवढाच आहे का?

हे रूपक बायबलमध्ये कुठे येते?

एका ठिकाणी नाही, अनेक ठिकाणी. जुन्या करारात ईयोब, नीतिसूत्रे, स्तोत्रसंहिता, यशया, यिर्मया, जखऱ्या आणि मलाखी या पुस्तकांत धातू गाळण्याची उपमा आहे. मुले आणि संपत्ती गमावलेला ईयोब म्हणतो की, परीक्षा झाल्यावर मी सोन्यासारखा बाहेर पडेन. नव्या करारात पेत्राचे पहिले पत्र श्रद्धेची तुलना सोन्याशी करते आणि श्रद्धेला सोन्याहून मोलाची ठरवते. कारण सोने आगीत टिकले तरी ते नाशवंतच आहे. पेत्राने वापरलेल्या ग्रीक शब्दात ‘तपासून खरे ठरणे’ असा भाव आहे. मराठीतील ‘कसोटी’ त्याच्या अगदी जवळची आहे. कसोटी हा मुळात सोने घासून पाहण्याचा काळा दगड.

सोनेच का?

सोने हवेत गंजत नाही आणि साध्या आगीत जळून नष्ट होत नाही. ते १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. त्यात मिसळलेले तांबे, शिसे यांसारखे धातू तापवल्यावर हवेतील प्राणवायूशी संयोग पावून मळीच्या रूपाने वेगळे होतात. म्हणजे आग सोने निर्माण करत नाही, ते आधीपासूनच तिथे असते. आग फक्त नको ते बाजूला करते. रूपकाचा गाभा हाच आहे. ‘हिणकस’ हा शब्द आपण माणसाच्या वागण्यालाही वापरतो, तो याच धंद्यातून आलेला.

त्या काळी सोने कसे शुद्ध करत?

याचा भक्कम पुरावा आजच्या तुर्कस्तानातील सार्दीस येथे मिळाला. १९६८ मध्ये तिथल्या उत्खननात इसवी सनपूर्व सहाव्या शतकातील सोने शुद्ध करण्याचा कारखाना सापडला. तिथे दोन टप्प्यांत काम चाले. आधी शिशाबरोबर तापवून तांब्यासारखे धातू काढले जात. मग सोन्याचे पातळ पत्रे मिठाच्या थरांत ठेवून, मातीच्या भांड्यात बराच वेळ मंद तापवत. त्यामुळे सोन्यातील चांदी सुटी होई. प्रकटीकरण या पुस्तकात ज्या सात मंडळ्यांना पत्रे आहेत, त्यांतील एक याच सार्दीसची. म्हणजे ती पत्रे ज्या भागात वाचली गेली, तिथे सोन्याच्या भट्टीची परंपरा शेकडो वर्षांची होती.

महाराष्ट्रात ही विद्या सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी भागातील गलाई व्यावसायिकांच्या हातात आहे. दुष्काळी गावांतून बाहेर पडलेली ही कुटुंबे आज देशभरातील सराफ बाजारांत सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. मुशीत सोने वितळवायचे, गरजेप्रमाणे त्यात चांदी मिसळायची आणि मग नायट्रिक आम्लात उकळायचे. चांदी विरघळते, सोने तळाशी राहते. या कामात घाई चालत नाही आणि भट्टी सोडून जाताही येत नाही. मलाखीच्या पुस्तकात देव गाळणाऱ्यासारखा ‘बसेल’ असे म्हटले आहे. त्या ‘बसण्या’चा अर्थ गलाई करणाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही.

‘माझ्याकडून सोने विकत घे’ हे कोणाला उद्देशून?

हे वाक्य प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात लावदिकीया येथील मंडळीला उद्देशून आहे. हे शहरही आजच्या तुर्कस्तानात, देनिझली शहराजवळ होते. सावकारी, काळी लोकर आणि कापडाचा व्यापार यांमुळे ते श्रीमंत झाले होते. इसवी सन ६० च्या सुमारास भूकंपाने ते उद्ध्वस्त झाले, तेव्हा रोमची मदत न घेता त्याने स्वतःला पुन्हा उभे केले, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसने केली आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या लातूरकरांना ही केवढी गोष्ट आहे, हे वेगळे सांगायला नको.

पण याच स्वावलंबनाचे पुढे गर्वात रूपांतर झाले. ‘मी श्रीमंत आहे, मला काही कमी नाही’ असे म्हणणाऱ्या मंडळीला पत्र सांगते की तू खरे तर दरिद्री, आंधळी आणि उघडी आहेस. शुद्ध सोने, पांढरी वस्त्रे आणि डोळ्यांसाठी अंजन माझ्याकडून घे. म्हणजे इथे शुद्ध सोने हे दुःखी माणसाचे सांत्वन नाही. सुखवस्तू, आत्मसंतुष्ट श्रद्धावंताला दिलेला तो इशारा आहे.

आग आधी कोणाला लागते?

मलाखीचे उत्तर धक्का देणारे आहे. त्याच्या तिसऱ्या अध्यायात भट्टीत सर्वांत आधी जातात ते लेवीचे वंशज, म्हणजे मंदिरातील याजक. धर्माचे काम करणारेच आधी गाळले जाणार. लगेच पुढे कोणावर न्याय होईल त्याची यादी येते. तीत खोटी शपथ घेणारे, मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा आणि अनाथांवर जुलूम करणारे आणि परक्याचा हक्क डावलणारे आहेत. शुद्धतेचा संबंध इथे उपासनेइतकाच मजुरीच्या हिशेबाशीही आहे. ऊसतोडीची उचल आणि रोजंदारी यांवर घरे चालणाऱ्या मराठवाड्यात हा भाग परका वाटू नये.

दुःख माणसाला आपोआप शुद्ध करते का?

नाही, असे बायबलच सांगते. यिर्मयाच्या सहाव्या अध्यायात भाता जोरात चालतो, शिसे जळून जाते, तरी हीण सुटत नाही आणि शेवटी ती चांदी टाकाऊ ठरते. आग लागली म्हणजे सोने झालेच, असे नाही.

इथेच या रूपकाचा गैरवापर होतो. नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या बाईला किंवा कर्जाने पिचलेल्या शेतकऱ्याला ‘देव तावून काढतोय, सहन करा’ असे सांगितले, तर आग लावणारा नामानिराळा राहतो. पेत्राचे पत्र श्रद्धेमुळे छळ सोसणाऱ्या छोट्या, विखुरलेल्या मंडळ्यांना धीर देते. छळ करणाऱ्याचे समर्थन ते करत नाही. शिवाय गाळणारा भट्टीजवळ बसतो तो सोने वाचवण्यासाठी.

आणखी एक भेद लक्षात घ्यायला हवा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात प्रत्येकाच्या कामाची अग्नीने परीक्षा होईल असे म्हटले आहे. सोन्याचे काम टिकेल, गवताचे जळेल. कॅथलिक परंपरेने हा उतारा मृत्यूनंतरच्या शुद्धीकरणाच्या शिकवणीशी जोडला. प्रोटेस्टंट मंडळ्या ती शिकवण मानत नाहीत.

प्रतिबिंबाची गोष्ट बायबलमध्ये आहे का?

मोबाइलवर एक गोष्ट खूप फिरते. चांदी शुद्ध झाली हे कसे कळते, असे कोणीतरी सोनाराला विचारते आणि तो म्हणतो, तिच्यात माझा चेहरा दिसू लागला की. गोष्ट सुंदर आहे, मात्र ती बायबलमध्ये नाही. प्रवचनांतून ती रूढ झाली. शिशाबरोबर गाळलेल्या चांदीवरची शेवटची मळी सरली की पृष्ठभाग लखलखतो, हे मात्र खरे.

महाराष्ट्रात या रूपकाचे उदाहरण कोणते?

पंडिता रमाबाईंचे नाव घ्यावे लागेल. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील गेले. १८८२ मध्ये पती गेले. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्याबद्दल टीकाही झेलली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मुलींना अन्न, शिक्षण आणि हाताला काम मिळाले. आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले.

उपासमार काय असते हे रमाबाईंनी स्वतः भोगले होते. तरीही दुष्काळातील मुलींना त्यांनी ‘ही तुमची परीक्षा आहे’ असे सांगून तिथेच सोडले नाही. मलाखीची यादी समोर ठेवली, तर शुद्ध सोन्याची खूण इथे दिसते. स्वतः आगीतून गेलेला माणूस दुसऱ्याला आगीतून बाहेर काढतो. दुःखात असलेल्याला हे रूपक ऐकवण्याआधी सांगणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारायला हवा : आपण त्याच्या भट्टीजवळ बसायला तयार आहोत का?