धूर काय सांगतो? : जुन्या मोटारीच्या इंजिनाचे निदान

मोटार जुनी झाली की ती धूर सोडणारच, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. या समजुतीमुळे दोन प्रकारांनी नुकसान होते. काही मालक धुराकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतात आणि एके दिवशी इंजिन भर रस्त्यात बंद पडते. काही जण पहिल्याच धुराला घाबरून संपूर्ण इंजिन उघडण्यास संमती देतात आणि थोडक्यात भागणाऱ्या कामासाठी कित्येक महिन्यांची मिळकत घालवून बसतात. वस्तुतः धूर हे वयाचे लक्षण नसून एखाद्या विशिष्ट दोषाचे लक्षण असते. तो दोष कोणता, हे इंजिन उघडण्यापूर्वीच बहुतेक वेळा ओळखता येते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आपण मारुती ८०० या सर्वपरिचित मोटारीचे उदाहरण घेऊ. तिचे इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे व तीन सिलिंडरचे. जुन्या गाड्यांत त्याला कार्ब्युरेटर असे.

प्रथम निरोगी इंजिनात काय घडते ते पाहू. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. ज्वलन पूर्ण झाले तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. हे पाणी थोडेथोडके नसते. एक लिटर पेट्रोल जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. म्हणून हिवाळ्याच्या सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघाली, दोन-चार थेंब पाणी गळाले आणि इंजिन तापल्यावर ते थांबले, तर काळजीचे कारण नाही. याव्यतिरिक्त जे दिसते, त्याच्या तीन जाती आहेत : काळा, निळसर आणि दाट पांढरा.

काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल अधिक झाले आणि ते अर्धवट जळाले. दोष बहुधा इंजिनाच्या बाहेरच असतो. एअर फिल्टर धुळीने कोंदलेला असतो, चोक अडकून राहिलेला असतो किंवा कार्ब्युरेटरमधील फ्लोटची सुई झिजल्यामुळे पेट्रोल ओसंडत असते. स्पार्क प्लग काढून पाहिला तर त्यावर कोरडी, मऊ काजळी आढळते. फिल्टर बदलणे, चोकची तार मोकळी करणे व कार्ब्युरेटर साफ करणे, एवढ्यावर हा दोष सामान्यतः दूर होतो.

दाट पांढरा धूर, जो इंजिन तापल्यावरही विरत नाही आणि ज्याला किंचित गोडसर वास येतो, तो मात्र गंभीर समजावा. रेडिएटरमधील कूलंट सिलिंडरमध्ये शिरत असल्याचे ते चिन्ह आहे. हेड गॅस्केट फुटणे अथवा इंजिन अतितप्त होऊन हेड वाकणे, ही त्याची नेहमीची कारणे होत. रेडिएटरमधील पातळी दररोज खाली जाते. पण गळती कोठेच दिसत नाही. कधी ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय जमते. अशा वेळी गाडी चालवत राहू नये. पाणीमिश्रित ऑइलाने बेअरिंग लवकरच निकामी होतात. तसेच तापलेल्या रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आतील उकळते पाणी दाबाखाली असते आणि ते थेट चेहऱ्यावर उसळते.

सर्वांत अधिक गैरसमज निळसर धुराविषयी आहेत. हा धूर जळालेल्या इंजिन ऑइलचा. तो दिसताच ‘रिंगा गेल्या, इंजिनाचे काम निघाले’ असा निर्णय अनेकदा दिला जातो. परंतु ऑइल सिलिंडरमध्ये पोहोचण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत. ते खालून, झिजलेल्या पिस्टन रिंगांच्या फटीतून येते. वरून, व्हॉल्व्हच्या सीलमधून झिरपते. किंवा इंजिनातील वायू बाहेर काढणारा ब्रीदरचा मार्ग तुंबल्यामुळे हवेबरोबर ओढले जाते. या तिन्हींचा रंग एकच असतो. वेळ मात्र वेगळी असते.

व्हॉल्व्हचे सील रबरी असतात आणि उष्णतेने ते कालांतराने कडक होतात. रात्रभर गाडी उभी असताना हेडमधील ऑइल त्यांतून थेंबथेंब खाली उतरते. म्हणून सकाळी गाडी सुरू करताच निळा लोट निघतो आणि काही वेळात नाहीसा होतो. लांबलचक घाट उतरतानाही हेच घडते. ॲक्सिलरेटर सोडलेला असल्यामुळे सिलिंडरमध्ये मोठी पोकळी निर्माण होते, ऑइल वरून खेचले जाते आणि पायथ्याशी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताच धूर दिसतो. रिंगा झिजल्या असतील तर मात्र घाट चढताना, इंजिनावर भार असताना, धूर सतत येतो. इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण सैल केले तर आतून धापा टाकल्यासारखे वायूचे झोत येतात. यालाच गॅरेजमध्ये ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात.

माझ्या परिचयातील एका निवृत्त गृहस्थांच्या मारुतीबाबत संपूर्ण इंजिन करण्याचा सल्ला मिळाला होता. आकडा ऐकून ते गाडी भंगारात काढण्याच्या विचारात होते. धूर केव्हा येतो, असे विचारता ते म्हणाले, ‘सकाळी पहिल्यांदा, नंतर दिवसभर नाही.’ तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजले असता ते जवळपास समान व पुरेसे निघाले. केवळ व्हॉल्व्हचे सील बदलले आणि धूर थांबला. जो प्रश्न त्यांना प्रथमच विचारला जायला हवा होता, तो कोणी विचारलाच नव्हता.

कॉम्प्रेशनची ही तपासणी सोपी आहे. इंजिन कोमट असताना सर्व प्लग काढावेत, इग्निशन तोडावे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवावा आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकावर नोंदवावा. एखाद्या सिलिंडरचा दाब कमी आला तर प्लगच्या छिद्रातून चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर दोष रिंगांचा, कारण ऑइलाने तेथील फट तात्पुरती बुजते. न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट तपासावे.

म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम ऑइलची पट्टी पाहावी. ऑइल प्रमाणाबाहेर भरले असले तरीही धूर येतो. नंतर ब्रीदरचा व्हॉल्व्ह व नळी साफ करावी. मग प्लग पाहावेत : ओले, तेलकट की कोरडे, काजळलेले. त्यानंतर कॉम्प्रेशन मोजावे. इंजिन उघडण्याची पाळी सर्वांत शेवटी. घट्ट ऑइल किंवा बाजारातील औषधी द्रावण ओतून धूर काही काळ लपतो; झीज भरून येत नाही.

एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. ही तपासणी नेहमी मोकळ्या जागेत करावी. अर्धवट ज्वलनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत तो माणसाला नकळत बेशुद्ध करतो आणि प्राणही घेतो. दिसणाऱ्या धुरापेक्षा न दिसणारा हा वायू अधिक घातक आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी काही जण उद्या हातात पाना घेतील, काही जण जुनी गाडी विकत घेतील. दोघांसाठीही नियम एकच : धूर दिसला की रंग पाहावा, वेळ विचारावी, दाब मोजावा आणि मगच पाना उचलावा. ज्याच्या घरचा चरितार्थ त्या गाडीवर चालतो, त्याला बदललेल्या प्रत्येक सुट्या भागाची किंमत मोजावी लागते. ती योग्य भागासाठीच मोजली जावी, ही जबाबदारी निदान करणाऱ्याची आहे.