दम्याचा रुग्ण : उपचारातील सहभागी

मळणीचे दिवस आले, हवेत धूळ भरली, की रात्री अंथरुणावर उठून बसणारी आणि श्वासासाठी तळमळणारी माणसे अनेक गावांत आढळतात. दवाखान्यात इंजेक्शन घेतले की त्यांना बरे वाटते. बरे वाटले की औषध बंद होते. आणि थंडीची किंवा ढगाळ हवेची चाहूल लागताच पुन्हा दवाखान्याची वाट धरावी लागते. हे रहाटगाडगे वर्षानुवर्षे चालू राहते. दम्यावर परिणामकारक औषधे उपलब्ध असताना असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर केवळ औषधांत नाही. ते बऱ्याच अंशी रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील संवादात आहे.

हा प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे २६ कोटी २० लाख लोकांना दमा होता आणि त्या वर्षी सुमारे ४ लाख ५५ हजार लोक दम्याने दगावले. त्याच वर्षाच्या जागतिक रोगभार अभ्यासाप्रमाणे भारतात दम्याचे सुमारे ३ कोटी ४३ लाख रुग्ण होते. जगातील रुग्णांत भारताचा वाटा १३ टक्क्यांच्या आसपास असताना मृत्यूंतील वाटा मात्र ४० टक्क्यांहून अधिक होता. निदानास होणारा विलंब आणि श्वासावाटे घ्यावयाच्या प्रतिबंधक औषधाचा अपुरा वापर ही या तफावतीची महत्त्वाची कारणे मानली जातात.

रोगाचे स्वरूप

दम्यामध्ये श्वासनलिकांच्या आतील अस्तराला सूज असते. धूळ, धूर, परागकण, सर्दी-पडसे, थंड हवा यांपैकी कशाचेही निमित्त झाले, की या सुजलेल्या नलिका आकुंचन पावतात, त्यांत कफ साचतो आणि श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. झटका ओसरला तरी सूज राहू शकते. रुग्णाला बरे वाटणे आणि रोग आटोक्यात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही दम्याच्या शिक्षणातील पहिली पायरी होय.

औषधेही त्यानुसार दोन प्रकारची असतात. आकुंचन पावलेल्या नलिका काही मिनिटांत मोकळ्या करणारे ते तात्पुरता आराम देणारे औषध. आणि सूज हळूहळू कमी करणारे ते प्रतिबंधक औषध. पहिल्याचा गुण तत्काळ जाणवतो, म्हणून ते रुग्णाला प्रिय होते. दुसऱ्याचा गुण दिसण्यास दिवस, आठवडे लागतात, म्हणून ते सुटते. वास्तविक, झटक्यांपासून आणि मृत्यूपासून बचाव होतो तो दुसऱ्यामुळे. ‘जागतिक दमा उपक्रम’ या १९९३ साली स्थापन झालेल्या तज्ज्ञसंस्थेने २०१९ पासून अशी शिफारस केली आहे, की प्रौढ रुग्णांना केवळ तात्पुरता आराम देणाऱ्या औषधावर ठेवू नये. सौम्य दम्यातही सूज कमी करणारे औषध उपचारात असावे. आराम देणारे तीन किंवा अधिक पंप वर्षभरात लागत असतील, तर तीव्र झटक्याचा धोका वाढला आहे असे समजावे.

गैरसमजांचे निराकरण

पंप म्हणजे शेवटचा उपाय, त्याची सवय लागते, त्यातील औषध फार कडक असते, अशा समजुती शिकलेल्या कुटुंबांतही आढळतात. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. साल्ब्युटामॉल या औषधाच्या नेहमीच्या गोळीत ४ मिलिग्रॅम मात्रा असते, तर पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम. म्हणजे गोळीतील मात्रा फवाऱ्याच्या चाळीसपट. पंपातील औषध थेट श्वासनलिकांत पोहोचत असल्याने थोडक्या मात्रेत काम भागते आणि शरीराच्या इतर भागांवर होणारा परिणाम कमी राहतो. प्रतिबंधक पंपामुळे कधी आवाज बसतो किंवा तोंड येते; पण औषध घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकून टाकल्यास हा त्रास बव्हंशी टळतो.

पंप वापरण्याची पद्धतही शिकावी लागते. फवाऱ्याचा पंप हलवून घ्यावा, श्वास पूर्ण सोडावा, ओठ घट्ट मिटून सावकाश श्वास आत घेत कळ दाबावी आणि सुमारे दहा सेकंद श्वास रोखून धरावा. भुकटीच्या उपकरणात मात्र श्वास जोराने व खोल ओढावा लागतो. हा फरक न समजल्यामुळे औषध घशातच राहते आणि दोष मात्र औषधाला दिला जातो. म्हणून प्रत्येक भेटीत रुग्णाने पंप कसा घेतो ते करून दाखवावे व आरोग्य कर्मचाऱ्याने तो पाहावा, हे आवश्यक आहे.

निर्णय दोघांचा

केवळ माहितीपत्रक वाटून हे साध्य होत नाही. प्रौढ रुग्णांविषयीच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता असे दिसून आले, की नुसती माहिती दिल्याने रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण घटत नाही. स्वतःच्या लक्षणांवर लक्ष ठेवण्याचे शिक्षण, नियमित तपासणी आणि लेखी कृती-आराखडा या तिन्हींची जोड मिळाली तेव्हा हे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाले. अमेरिकेत ६१२ प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उपचाराची निवड रुग्णाशी विचारविनिमय करून ठरविली असता रुग्ण औषध अधिक नियमितपणे घेतात आणि त्यांच्या फुप्फुसांची कार्यक्षमताही सुधारते, असे आढळले.

विचारविनिमय म्हणजे डॉक्टरांनी आपली जबाबदारी रुग्णावर टाकणे नव्हे. रोगाचे ज्ञान डॉक्टरांपाशी असते. आपले काम, घर, कमाई आणि भीती यांचे ज्ञान रुग्णापाशी असते. दोहोंचा मेळ बसल्याखेरीज टिकणारा उपचार ठरत नाही. पहाटे शेतावर जाणाऱ्याला औषधाच्या कोणत्या वेळा जमतील? हात थरथरणाऱ्या वृद्धास कोणते उपकरण झेपेल? रोजचा प्रतिबंधक पंप आणि वेगळा आरामाचा पंप बरा, की दोन्ही गुण असलेला एकच संयुक्त पंप सोयीचा? दरमहा किती खर्च परवडेल? हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत आणि त्यांची उत्तरे ऐकली गेली पाहिजेत.

कोजागरीला खिरीतून दिले जाणारे किंवा मृग नक्षत्राच्या सुमारास हैदराबादेस माशातून दिले जाणारे औषध घेण्यास कित्येक रुग्ण जातात. त्यांची हेटाळणी केल्यास ते ही गोष्ट लपवितात आणि पंप गुपचूप बंद करतात. प्रतिबंधक औषध कोणत्याही कारणाने परस्पर बंद करू नये, एवढा स्पष्ट करार अशा वेळी अधिक उपयोगी पडतो. गर्भवती स्त्रियांना तर हे आवर्जून सांगावयास हवे. कारण गर्भारपणात अनियंत्रित दमाच आई व बाळ यांना अधिक धोक्याचा असतो. दमा सुमारे तीन महिने चांगला आटोक्यात राहिल्यास मात्रा कमी करण्याचा विचारही दोघांनी मिळूनच करावयाचा असतो.

तीन रंगांचा आराखडा

ठरलेला उपचार एका कागदावर तीन रंगांत मांडता येतो. निरक्षर रुग्णासही रंग कळतात. हिरवा म्हणजे रात्रीची झोप शांत, काम सुरळीत. नेहमीचे औषध चालू. पिवळा म्हणजे खोकला, रात्रीची जाग, आरामाच्या पंपाची वाढती गरज. अशा वेळी औषधात कोणती वाढ करावयाची आणि दवाखान्यात केव्हा जावयाचे, हे आधीच लिहिलेले असावे. लाल म्हणजे एक वाक्यही सलग बोलता न येणे, ओठ निळसर होणे, पंप घेऊनही आराम न पडणे. अशा वेळी क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व ती येईपर्यंत आरामाचा पंप चालू ठेवावा.

गावाचा वाटा

या कार्यात गावातील जाणत्या मंडळींना बरेच करता येण्याजोगे आहे. शिक्षकांनी पालकसभेत पंपाविषयीचे गैरसमज दूर करावेत. अक्षरओळख नसलेल्यास त्याचा आराखडा वाचून दाखवावा. पंचायत सदस्यांनी कचरा जाळण्यास आळा घालावा आणि आरोग्य केंद्रात पंप व शिकविणारा कर्मचारी दोन्ही उपलब्ध आहेत की नाहीत, याची ग्रामसभेत विचारणा करावी. कार्यालयप्रमुखांनी दम्याच्या कर्मचाऱ्यास धुळीच्या कामापासून शक्य तेथे दूर ठेवावे आणि चारचौघांत पंप घेण्याचा संकोच त्याला वाटणार नाही, असे वातावरण ठेवावे.

दमा समूळ नाहीसा करण्याचे औषध आज नाही. पण दमा असूनही शेत नांगरता येते, शाळा शिकविता येते, निवांत झोपता येते. त्यासाठी रुग्णाने आपला उपचार स्वतः समजून घेतला पाहिजे आणि तो ठरविताना त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे.