चहा, केक आणि एकटीची खुर्ची

रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने २०२० साली वीस पौंडांची नवी नोट काढली. तिच्यावर कॅथरीन क्रॅन्स्टन या बाईंचे चित्र आहे. या बाईंनी लढाई जिंकली नव्हती की कुठला शोध लावला नव्हता. ग्लासगो शहरात त्यांनी चहाची दालने काढली आणि चाळीस वर्षे उत्तम चालवली. चहाच्या धंद्यातून थेट चलनी नोटेवर जाण्याइतके मोठे काम या बाईंनी काय केले, याचे उत्तर शोधू लागले की ब्रिटिश टी रूमचा सगळा इतिहास हाताला लागतो.

आज ब्रिटनला जाणारा प्रवासी बाथ, यॉर्क किंवा कॉट्सवोल्ड्सच्या एखाद्या गावात टी रूममध्ये शिरतो. लेसचे पडदे, फुलाफुलांच्या कपबश्या, किटलीवर विणलेली टीकोझी, काचेच्या घुमटाखाली व्हिक्टोरिया स्पंज केक. सगळे कसे पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले असावे असे वाटते. प्रत्यक्षात ही संस्था जेमतेम एकशे साठ वर्षांची आहे. तिचा जन्म लंडनच्या एका रेल्वे स्टेशनात झाला, आणि जन्मली तेव्हा ती शहरातल्या सर्वांत आधुनिक गोष्टींपैकी एक होती.

पावाच्या दुकानातला चहा

चहा इंग्लंडमध्ये सतराव्या शतकातच पोचला होता. पण घराबाहेर तो मिळे कॉफी हाउसमध्ये, आणि कॉफी हाउस हा पुरुषांचा अड्डा. टॉमस ट्वायनिंगने १७०६मध्ये लंडनच्या स्ट्रँड भागात असेच एक कॉफी हाउस घेतले. चहावर कर इतका जबर की चोरटा व्यापार बोकाळला होता. १७८४मध्ये सरकारने तो ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहा घरोघरी शिरला. १८४०च्या सुमारास बेडफर्डच्या डचेसने दुपारच्या चहाची प्रथा पाडली, असे सांगतात. पण तो चहा हवेलीतल्या दिवाणखान्यातला. बाजाराला आलेल्या मध्यमवर्गीय बाईला घराबाहेर एकटीने टेकायला जागा नव्हती. पब तिच्यासाठी नाही, क्लब पुरुषांचे, खानावळीत एकटी बाई दिसली की भुवया उंचावणार. शौचालयाचीही सोय नाही. म्हणजे बाहेर किती वेळ राहायचे हे शरीरच ठरवणार.

ही कोंडी फोडली ती एका पाववाल्या कंपनीने. डॉ. जॉन डॉग्लिश यांनी यीस्टशिवाय, दाबाखाली कार्बन डायऑक्साइड वायू कणकेत मिसळून पाव फुगवण्याची पद्धत शोधली. कणीक यंत्रानेच मळली जाई, पिठाला माणसाचा हात लागत नसे. १८६२मध्ये त्यांनी ‘एअरेटेड ब्रेड कंपनी’ काढली. लोक तिला ए.बी.सी. म्हणू लागले. या कंपनीच्या एका दुकानाची व्यवस्थापिका ओळखीच्या गिऱ्हाइकांना मागच्या बाजूला चहा पाजत असे. हेच विकत का देऊ नये, अशी सूचना तिने मालकांना केली. १८६४मध्ये फेनचर्च स्ट्रीट स्टेशनात कंपनीचे पहिले टी शॉप उघडले. या बाईचे नाव ठळकपणे नोंदले गेले नाही, कल्पना मात्र शहरभर पसरली. पाव आणि केक भट्टीतून येतच होते. सोबत चहा ठेवला की गिऱ्हाईक बसून खाई, आणि बसले की आणखी एक बन मागवी.

स्वस्त चहा, हलका केक

ही दुकाने चालली त्यामागे दोन-तीन कारणे एकाच वेळी जुळून आली. १८३९मध्ये आसामच्या चहाच्या पहिल्या पेट्या लंडनच्या लिलावात विकल्या गेल्या. १८८८ साली ब्रिटनमध्ये भारतातून आलेल्या चहाने चीनच्या चहाला प्रथमच मागे टाकले. भारतातला चहा स्वस्त झाला तो मळ्यांवर करारात अडकवून नेलेल्या मजुरांच्या जिवावर. छोटा नागपूरसारख्या भागांतून गेलेली माणसे तिथे रोगराईने आणि उपासमारीने मोठ्या संख्येने मेली. लंडनच्या टेबलावरच्या स्वस्त चहाचा हिशेब मांडताना हा रकाना गाळून चालणार नाही.

केकचीही कथा अशीच. आल्फ्रेड बर्ड या रसायनतज्ज्ञाने १८४३मध्ये बेकिंग पावडर तयार केली. त्याच्या पत्नीला यीस्ट सोसत नसे. या पावडरीमुळे तासन्‌तास फेटत न बसता लोणी, साखर, अंडी आणि मैद्याचा हलका केक फुगू लागला. १८७४मध्ये साखरेवरचा करही उठला. थोडक्यात, टी रूमच्या टेबलावरची ‘आजीच्या हातची’ चव रसायनशास्त्र आणि अर्थसंकल्प यांनी शक्य केली.

मिस क्रॅन्स्टन

ग्लासगोमध्ये स्टुअर्ट क्रॅन्स्टन चहाचे व्यापारी. गिऱ्हाइकांना चहा चाखायला देता देता १८७५मध्ये त्यांनी दुकानातच टेबले मांडली आणि पैसे घेऊन चहा व खाऊ द्यायला सुरुवात केली. त्यांची धाकटी बहीण कॅथरीन, म्हणजेच केट, हिचा जन्म १८४९चा. वडील हॉटेलधंद्यातले. १८७८मध्ये तिने अर्गाइल स्ट्रीटवर स्वतःची चहाची जागा उघडली. शहरात दारूने घरे बुडत होती आणि दारूबंदीची चळवळ जोरात होती. दारूशिवाय चार घटका बसता येईल अशी नेटकी जागा लोकांना हवीच होती. केट क्रॅन्स्टनने ती दिली, आणि नुसती नेटकी नाही, देखणी करून दिली.

१८९२मध्ये तिचे जॉन कॉक्रन यांच्याशी लग्न झाले, पण धंद्यात ती मिस क्रॅन्स्टनच राहिली. पोशाखही मुद्दाम जुन्या पद्धतीचा, घेरदार झग्याचा. रस्त्यात कोणीही ओळखावे असा. पोशाखात जुनी, पण कलेच्या निवडीत काळाच्या पुढे. चार्ल्स रेनी मॅकिंटॉश या तरुण वास्तुविशारदाला तिने १८९७च्या सुमारास कामे द्यायला सुरुवात केली. १९०३मध्ये सॉकीहॉल स्ट्रीटवर २१७ क्रमांकाची ‘विलो टी रूम्स’ उघडली, ती आतून-बाहेरून मॅकिंटॉश आणि त्याची पत्नी मार्गारेट मॅकडॉनल्ड यांनी घडवलेली.

खाली पुढच्या बाजूला बायकांचे पांढरे दालन, मागे जेवणाची काहीशी गडद खोली, वर माडी, आणि अगदी वर पुरुषांसाठी बिलियर्ड्स आणि धूम्रपानाची सोय. पहिल्या मजल्यावर रस्त्याकडे तोंड करून ‘रूम डी लक्स’: चंदेरी रंगाच्या उंच पाठीच्या खुर्च्या, जांभळट मखमल, भिंतीभर आरशांची पट्टी, शिशाच्या बारीक जाळीत बसवलेल्या रंगीत काचा. खुर्चीची पाठ डोक्याच्याही वर जाते. चार खुर्च्या टेबलाभोवती ओढल्या की खोलीत आणखी एक खोली तयार होते. बसलेल्या बाईला खिडकीतून रस्ता दिसतो, पण मागच्या टेबलावरून तिच्याकडे कोणी टक लावून पाहू शकत नाही. मॅकिंटॉशच्या खुर्च्या आज संग्रहालयांत मिरवतात. बसायला त्या फारशा आरामशीर नाहीत, ही तक्रारही जुनीच. पण चहा पिताना आडोसा देण्याचे काम त्या चोख करत.

मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांतल्या ‘फॅमिली रूम’नेही बायकांना आडोसा दिला, पण तो कुटुंबासह येणाऱ्यांसाठी. मिस क्रॅन्स्टनकडे एकटीलाही खुर्ची होती.

या खुर्चीचा पुढे राजकीय उपयोग झाला. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची ‘ॲलन्स टी रूम्स’ ही मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांची ठरलेली जागा होती. सभेसाठी तिथले दालन मिळे आणि चळवळीच्या मुखपत्रात तिची जाहिरात छापून येई. चार बायका चहा पीत बसल्या आहेत म्हटल्यावर पोलिसाला संशय घ्यायला कारण उरत नसे. चहा वाढणाऱ्या मुलींच्या वाट्याला मात्र तुटपुंजा पगार आणि दिवसभराची उभ्याउभ्याची नोकरी आली, हेही लिहिले पाहिजे.

केकचा हिशेब आणि संगणक

ए.बी.सी.ला खरा प्रतिस्पर्धी मिळाला तो १८९४मध्ये. सॅमन आणि ग्लकस्टीन ही तंबाखूच्या धंद्यातली घराणी. खाण्यापिण्याच्या धंद्याला आपले नाव नको म्हणून त्यांनी जोसेफ लायन्स या भागीदाराचे नाव पुढे केले. २० सप्टेंबर १८९४ रोजी २१३ पिकॅडिली इथे ‘लायन्स’चे पहिले टी शॉप उघडले. दर्शनी भाग पांढरा आणि सोनेरी, आत सगळीकडे सारखाच चहा, सारखाच भाव. पुढे अशी दोनशेहून अधिक दुकाने झाली. १९०९मध्ये कॉव्हेंट्री स्ट्रीटवर पहिले भव्य ‘कॉर्नर हाउस’ उभे राहिले. अनेक मजले, वाद्यवृंद, आणि काळ्या झग्यावर पांढरा एप्रन घातलेल्या, पुढे ‘निपी’ नावाने गाजलेल्या वेट्रेस.

दोनशे दुकानांना रोज किती बन, किती पाय, किती केक पाठवायचे? एका केकवर नफा पेनीच्या अंशात. हिशेबात चूक झाली की नफा गेला. कारकुनांची फौज हेच करत बसलेली. दुसऱ्या महायुद्धानंतर कंपनीने दोन अधिकारी अमेरिकेला धाडले. त्यांना कळले की गणकयंत्रावरचे महत्त्वाचे काम आपल्याच केंब्रिजमध्ये चालू आहे. लायन्सने केंब्रिज विद्यापीठाला तीन हजार पौंड दिले आणि त्या धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधले. नाव ठेवले ‘लिओ’. नोव्हेंबर १९५१मध्ये या यंत्राने बेकरीच्या मालाचे मूल्यमापन करायला घेतले. एखाद्या व्यापारी कंपनीचे नित्याचे काम संगणकाने करण्याचा जगातला हा पहिला दाखला मानला जातो. पुढे कर्मचाऱ्यांचे पगारही त्यावरच होऊ लागले. आज बंगळूर-पुण्यात संगणकाचा जो धंदा कोट्यवधींचा आहे, त्याच्या मुळाशी एका चहावाल्या कंपनीच्या केकचा हिशेब आहे.

आणि हीच कंपनी १९५४मध्ये आपल्याच कॉर्नर हाउसमध्ये हॅम्बर्गर विकणारा ‘विम्पी बार’ घेऊन आली. तोवर तरुणांचे पाय लंडनच्या सोहोतल्या एस्प्रेसो बारकडे वळले होते, घरात टी बॅग आली होती. शेवटचे कॉर्नर हाउस १९७७मध्ये मिटले आणि १९८१पर्यंत टी शॉप्सचाही कारभार आटोपला.

उरले ते का उरले

मोठ्या साखळ्या गेल्या, लहान टी रूम टिकल्या. यॉर्कशरमधल्या ‘बेटीज’चे उदाहरण बोलके आहे. १९१९मध्ये हॅरोगेट इथे ती काढली फ्रेडरिक बेलमाँट या स्विस मिठाईवाल्याने. म्हणजे इंग्रजांची ही लाडकी परंपरा एका परक्या माणसाने घडवली. बेटी कोण, हे आजतागायत कुणी छातीठोकपणे सांगू शकलेले नाही. १९३६मध्ये ‘क्वीन मेरी’ या जहाजाच्या पहिल्या सफरीवर गेलेल्या बेलमाँटने त्याच थाटात पुढच्या वर्षी यॉर्कची शाखा सजवली. दुसऱ्या महायुद्धात आसपासच्या तळांवरचे वैमानिक तिथल्या तळघरात जमत. त्यांनी हिऱ्याच्या टोकाने आरशावर कोरलेल्या सुमारे सहाशे सह्या आजही वाचता येतात. सह्या करणाऱ्यांपैकी कित्येक मोहिमेवरून परतले नाहीत.

टेबलावर काय येते? किटली, दूध, गाळणी आणि उकळत्या पाण्याचे वेगळे भांडे. पहिल्या कपानंतर हेच पाणी किटलीत ओतून चहा पुन्हा हवा तितका सौम्य करता येतो. स्कोन हा जाडसर बन सुरीने कापत नाहीत, हाताने मधोमध उघडतात. ताजा असेल तर आतून वाफ निघते. वर मुरंबा आणि क्लॉटेड क्रीम. ही क्रीम म्हणजे आपल्या म्हशीच्या दुधावरच्या जाड सायीची सख्खी बहीण, स्निग्धांश किमान ५५ टक्के. डेव्हनमध्ये आधी क्रीम, मग जॅम. कॉर्नवॉलमध्ये नेमके उलटे. यावरून दोन्हीकडची माणसे हमरीतुमरीवर येतात.

जाणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. मोठ्या हॉटेलातला, तीन मजली तबकातून येणारा दुपारच्या चहाचा थाट महाग असतो आणि आधी टेबल राखून ठेवावे लागते. गावातली साधी टी रूम, एक किटली आणि एक तुकडा केक यांत त्याहून जास्त समाधान मिळते. फक्त दुपारीच जा, संध्याकाळी पाचच्या सुमारास बहुतेकांची दारे बंद होतात. ग्लासगोला गेलात तर सॉकीहॉल स्ट्रीट चुकवू नका. मिस क्रॅन्स्टन १९३४मध्ये गेल्या आणि जाताना संपत्तीचा मोठा हिस्सा शहरातल्या गरिबांसाठी ठेवून गेल्या. त्यांची ती वास्तू जुन्या नकाशाबरहुकूम उभी करून २०१८मध्ये पुन्हा उघडली. २०२४पासून ती ‘नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड’कडे आहे. सोबत कोणी नसेल तर संकोचू नका. ही जागा मुळात एकट्या माणसालाही बसता यावे अशीच काढलेली आहे.