ऱ्हाईनच्या जकातीवर पोसलेले राज्य

नेदरलँड्सच्या राजाच्या लांबलचक बिरुदावलीत 'काट्सेनएल्नबोगनचा काउंट' असे एक बिरुद आजही आहे. शब्दशः अर्थ लावला तर 'मांजरीचे कोपर'! हा मुलूख जर्मनीत आहे आणि तिथले काउंट घराणे १४७९ मध्येच संपले. मग हे बिरुद उरले कसे?

नकाशावर हे राज्य दोन तुकड्यांत दिसते. खालचा मुलूख लान आणि ऱ्हाईन नद्यांमधल्या टाउनुस डोंगरात; घराण्याचा मूळ किल्ला तिथलाच. वरचा मुलूख माइन नदीच्या दक्षिणेस, ओडेनवाल्ड डोंगराच्या पायथ्याशी. १३३० मध्ये शहराचा दर्जा मिळालेले डार्मश्टाट यातलेच. मध्ये इतरांच्या हद्दी. असे विस्कळीत राज्य श्रीमंत झाले ते शेतीपेक्षा नदीमुळे.

बिंगेनच्या पुढे ऱ्हाईन अरुंद खोऱ्यात शिरते. मालाच्या नावांना दुसरी वाट नाही. नेमके तिथे, सांक्ट गोआर गावाच्या वर, काउंट डीटर पाचवा याने १२४५ मध्ये राइनफेल्स किल्ला बांधला आणि जकात वाढवली. वैतागलेल्या व्यापारी शहरांनी १२५४ मध्ये संघ उभारला व पुढच्याच वर्षी किल्ल्याला वेढा घातला. वर्षाहून अधिक काळ झुंजूनही किल्ला पडला नाही. जकात चालूच राहिली. चौदाव्या शतकात समोरच्या तीरावरही या घराण्याचा किल्ला उभा राहिला.

पैसा आला, तसा हिशेबही काटेकोर झाला. ऱ्युसेल्सहाइमच्या किल्ल्यातील १४३५ च्या जमाखर्चात रीसलिंग द्राक्षवेलींच्या खरेदीची नोंद आहे. या जगप्रसिद्ध वाणाचा हा सर्वात जुना ज्ञात लेखी उल्लेख.

नदीने राज्य तारले, वारसाने बुडवले. शेवटचा काउंट फिलिप याचे दोन्ही मुलगे त्याच्या आधी वारले. मुलगी आना हेसेच्या लँडग्रेव्ह हाइनरिशला दिलेली. म्हणून १४७९ मध्ये मुलूख हेसेकडे गेला. पुढे नासाऊ घराण्यानेही हक्क सांगितला. पिढ्यान्‌पिढ्या चाललेला हा दावा १५५७ मध्ये मिटला: हेसेने बहुतेक मुलूख राखला आणि नासाऊला ६ लाख गुल्डेनचा मोबदला ठरला.

नासाऊने मुलूख सोडला, पण बिरुद सोडले नाही. नेदरलँड्सचे राजे त्याच घराण्याचे वारस. वेढ्यात न हरलेल्या राज्याची आठवण अशी एका हरलेल्या दाव्यातून टिकली.